हरवलेली पाकिटं

‘मॅडम, मी तीन वेळा केबल बदलली. आता आणखी काय करू, तुम्हीच सांगा की!’

सप्टेंबर २०१८ मधली ती एक सकाळ. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक्स सिटीतलं आमचं ऑफिस. समोर उभा असलेला मुलगा जेमतेम चोवीस-पंचवीस वर्षांचा, बेळगाव जिल्ह्यातला, खानापूरकडचा. कंत्राटदारामार्फत आमच्याकडे नेटवर्कच्या कामाला लागलेला. मी मिरजेची, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचा. एरवी त्याचं ते ‘की’ लावून बोलणं मला फार गोड वाटे. त्या दिवशी मात्र मी त्याच्याकडे बघायचंही टाळलं. त्याला महिनाअखेर कामावरून कमी करावं, असं सुचवणारा कागद माझ्या टेबलावर होता आणि त्याखाली माझीच सही होती.

ही गोष्ट आज सांगावीशी वाटते ती संगणकासाठी नाही. तुम्ही कधी सर्व्हरचं तोंडही पाहिलेलं नसलं तरी चालेल. ही गोष्ट सही करण्याची आहे.

आमची कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी लागणारी संगणक-व्यवस्था सांभाळायची. रक्त तपासणारी यंत्रं आपले निकाल आमच्या सर्व्हरकडे पाठवत आणि तिथून ते डॉक्टरांच्या पडद्यावर जात. कर्नाटकातली बरीच गावं आणि आपल्या दक्षिण महाराष्ट्रातली काही, अशी साठेक केंद्रं आमच्याकडे होती. तो सर्व्हर सांभाळणं ही माझी नोकरी.

पावसाळा सरत आला की बंगळुरात डेंग्यूची साथ डोकं वर काढते. घरात कुणाला ताप आला की पहिला प्रश्न, ‘प्लेटलेट किती?’ त्या दिवसांत तपासण्या वाढल्या आणि नेमकं तेव्हाच आमच्याकडे दुखणं सुरू झालं. सकाळी नऊ ते अकरा या वेळात पडदे गोठायचे. दोन सेकंदांत दिसणारा रिपोर्ट दिसायला अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त लागे. मधेच जोडणी तुटे. अकरानंतर सगळं पुन्हा झकास. रात्री तर इतकं सुरळीत, की दुखणं होतं यावर विश्वास बसू नये!

एक दिवस एका रुग्णालयातून फोन आला. सात वर्षांच्या मुलाचा प्लेटलेटचा आकडा चाळीस मिनिटं उशिरा पोचला होता. लॅबमधल्या मुलीने प्रसंगावधान राखून तो फोनवरच डॉक्टरांना कळवला म्हणून निभावलं. फोनवरच्या बाई रागावल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, ‘मॅडम, आज फोन लागला. उद्या लागला नाही तर?’

तो प्रश्न रात्रभर माझ्या कानात घुमत राहिला.

आता थोडं समजावून सांगते. संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा सगळा मजकूर एका दमात पाठवत नाहीत. त्याचे छोटे छोटे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. या तुकड्याला इंग्रजीत पॅकेट म्हणतात आणि आपला ‘पाकीट’ हा शब्द त्याला चपखल बसतो. ब्रिटनच्या डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात हे नाव दिलं. अशी पाकिटं वाटेत हरवली तर? महत्त्वाच्या पत्रव्यवहाराला आपण पूर्वी पोचपावती जोडायचो, तशीच सोय इथेही आहे. घेणारा प्रत्येक पाकिटाची पोच देतो. ठरावीक वेळात पोच आली नाही, तर पाठवणारा तेच पाकीट पुन्हा पाठवतो. म्हणजे मजकूर बहुधा बुडत नाही, उशीर मात्र होतो.

हा उशीर कसा वाढतो तेही गमतीचं आहे. नवी जोडणी करण्यासाठी पाठवलेलं पहिलंच पाकीट हरवलं, तर संगणक साधारण १ सेकंद वाट बघतो आणि पुन्हा पाठवतो. तेही हरवलं तर २ सेकंद, मग ४, मग ८, मग १६. पाच वेळा हरवलं की ३१ सेकंद गेलेच! आमचा ‘अर्धा मिनिट’ आला होता तो इथून.

तेव्हा पाकिटं हरवताहेत हे मला कळलं होतं. प्रश्न होता, कुठे?

आमच्याकडे एक आज्ञा असते. वाटेवरच्या प्रत्येक टप्प्याला ती हाक मारते आणि किती हाकांना ‘ओ’ आली ते सांगते. मी ती सकाळी साडेनऊला चालवली. आमच्या दारातल्या राउटरने शंभरातल्या सत्तरच हाकांना उत्तर दिलं होतं. तीस गायब! मी लगेच निष्कर्ष काढला. राउटर, केबल, जोडण्या या सगळ्याची जबाबदारी त्या मुलाची. त्याने केबल बदलली, पुन्हा बदलली, जोडण्या घासूनपुसून घेतल्या. फरक शून्य. वरचे साहेब रोज विचारत होते. शेवटी मी तो आकड्यांचा कागद जोडून टिपण लिहिलं, ‘दोष नेटवर्कच्या देखभालीत आहे’ आणि खाली सही ठोकली. बैठकीत सगळ्यांना हायसं वाटलं. दोषी सापडला की माणसांना केवढं बरं वाटतं!

त्या शनिवारी मी घरी लवकर आले. लवकर म्हणजे साडेआठला. त्या काळी सिल्क बोर्डचा चौक ओलांडणं हे बंगळूरकराचं रोजचं व्रत होतं. आता तिथे जुलै २०२४ पासून दुमजली उड्डाणपुलाचा एक भाग सुरू झालाय आणि ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक्स सिटीकडे मेट्रोही धावते. तेव्हा मात्र बस तिथे तासतासभर उभी असायची.

अण्णा जेवायचे थांबले होते. आई गेल्यापासून माझे वडील आमच्याकडेच राहत. आयुष्यभर त्यांनी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आर.एम.एस.मध्ये सॉर्टरची नोकरी केली. रात्री धावत्या गाडीत, टपालाच्या डब्यात उभं राहून खणाखणात पत्रं टाकायची. डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा, उजव्या हाताने एकेक पत्र नेमक्या खणात. निवृत्तीनंतरही घरातली बिलं ते तशीच लावून ठेवत.

‘का गं, चेहरा उतरलाय?’ ताटावर बसल्यावर त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. अण्णांना संगणकातलं काही कळत नव्हतं, पण पाकीट, पत्ता, टप्पा, पोच हे शब्द त्यांच्या घरचे होते. मी त्यांना म्हटलं, ‘तुमच्या पिनकोडसारखंच असतं हो. राउटर पूर्ण पत्ता वाचत बसत नाही. पत्त्याचा सुरुवातीचा भाग बघतो आणि त्या दिशेला ढकलतो.’

अण्णांचा चेहरा खुलला. पिनकोड हा त्यांच्या अभिमानाचा विषय. १५ ऑगस्ट १९७२ ला तो देशात सुरू झाला आणि त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे मोठे कवी. ‘पहिले तीन आकडे बघितले की पुरे,’ अण्णा म्हणाले. ‘५६० म्हणजे बंगळूर. गल्ली-बोळ बघायचं काम पुढच्याचं. बरं, मग तुझी पाकिटं हरवली कुठे?’

‘राउटरवर. शंभरातल्या तीस हाकांना त्याने ओ दिली नाही.’

‘आणि त्याच्या पुढचा?’

‘पुढचा म्हणजे आमचा सर्व्हर. त्याने अठ्ठ्याण्णवांना दिली.’

अण्णांचा घास हातातच राहिला. ‘अगं, सर्व्हरपर्यंत जायला वाट त्या राउटरमधूनच आहे ना? मग त्याने तीस गिळली, तर पुढे अठ्ठ्याण्णव पोचली कशी?’

मी गप्प झाले. इतकी साधी गोष्ट! राउटरचं खरं काम पाकिटं पुढे पाठवण्याचं. ‘तू आहेस का?’ अशा चौकशांना उत्तर देणं त्याच्या लेखी दुय्यम. कामाच्या गर्दीत तो अशा चौकशा सरळ बाजूला टाकतो. टपाल वाटण्यात गुंतलेल्या पोस्टमनने आपल्या हाकेला ओ दिली नाही, म्हणून त्याने पत्रं हरवली असं म्हणता येईल का? हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण साहेब रोज विचारत असताना, समोर तीस हा आकडा दिसल्यावर, ते आठवलंच नाही.

‘सही केलीस का कागदावर?’ अण्णांनी विचारलं.

‘हो.’

‘मोजलं होतंस?’

त्या रात्री अण्णांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी आईलाही कधी सांगितली नसावी. नोकरीला नुकते लागले होते तेव्हाची. गाडीचं, स्टेशनचं नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पावसाळ्याची रात्र, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांचे दिवस जवळ आलेले. गाडी दोनच मिनिटं थांबणार. यादीवर लिहिलेलं ‘वीस थैल्या’. अण्णांनी न मोजता सही केली. पुढे निघाल्या एकोणीस. चौकशी सुरू झाली. फलाटावर थैल्या उचलणारा एक पोरगा होता, रोजंदारीवरचा. सगळ्यांची बोटं त्याच्याकडे वळली. चार दिवसांनी थैली सापडली, आधीच्याच डब्यात, एका फळीखाली. लाखेचं सीलसुद्धा शाबूत. तोवर तो पोरगा काम सोडून कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही.

‘मी न मोजता सही केली, एवढीच माझी चूक,’ अण्णा म्हणाले. ‘पण तो गेला. त्यानंतर तीस वर्षं मी प्रत्येक थैली हात लावून मोजली. गाडीला उशीर झाला तरी. बाळ, टपाल हरवत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाताना राहून जातं. म्हणून प्रत्येक हात बदलताना मोजायचं.’

सोमवारी मी साडेसातलाच ऑफिसात पोचले. शाळेची असते तशी एक वही घेतली आणि पाच रकाने आखले. राउटरमधून किती बाहेर पडली, स्विचमध्ये किती आली, स्विचने सर्व्हरकडे किती पाठवली, सर्व्हरच्या दारावर किती आली आणि आत किती घेतली गेली. नेटवर्कमधलं प्रत्येक यंत्र असा आकडा सतत मोजत असतं. आपणच तो बघत नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी पहिली बेरीज मांडली. राउटर आणि स्विच यांचा हिशेब जुळला. केबल खराब असली की मोडलेली पाकिटं वेगळी मोजली जातात, तो आकडा शून्य. म्हणजे त्या पोराची केबल पहिल्यापासून चांगलीच होती! स्विचने दहा मिनिटांत सर्व्हरकडे सुमारे १ कोटी २४ लाख पाकिटं दिली होती. सर्व्हरने आत घेतली होती १ कोटी २२ लाख ५० हजार. उरलेली दीड लाख? नेटवर्क कार्डाच्या नोंदीत ‘हुकलेली’ या सदरात ती मुकाट्याने बसली होती. दारापर्यंत पोचलेली, पण दार उघडायला कुणी नव्हतं म्हणून टाकून दिलेली.

माझा घसा कोरडा पडला. कारण त्या दाराची जबाबदारी माझी होती.

सर्व्हरच्या कार्डापाशी पाकिटं ठेवायला खण असतात, अण्णांच्या सॉर्टिंगच्या खणांसारखेच. आमच्याकडे ते २५६ होते. पाकीट आलं की कार्ड ते खणात ठेवतं आणि प्रोसेसरला हाक देतं, ‘घेऊन जा.’ प्रोसेसर यायला उशीर झाला आणि खण भरले, की पुढचं पाकीट फेकलं जातं. आता हिशेब बघा. सेकंदाला १ अब्ज बिट वाहणाऱ्या तारेतून मोठ्यात मोठी पाकिटं आली, तर ती सेकंदाला सुमारे ८१ हजार येतात. २५६ खण भरायला ३ मिलिसेकंद लागतात. पण सगळी अगदी छोटी असली, तर त्याच तारेतून सेकंदाला १४ लाख ८८ हजार येऊ शकतात आणि खण भरतात सेकंदाच्या पाच हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात. आमच्या लॅबच्या यंत्रांचे निरोप छोटेच असायचे.

मग रोज मी जो आलेख पाहत होते, त्यात तार बरीचशी रिकामी कशी दिसायची? कारण तो पाच मिनिटांची सरासरी दाखवत होता. सिल्क बोर्डवरच्या वाहनांची चोवीस तासांची सरासरी काढली, तर तिथे कोंडी होतच नाही असंही सिद्ध होईल! आमची साठ केंद्रं ठरल्याप्रमाणे ठीक नऊ वाजता, एकाच ठोक्याला, रात्रीचे साठलेले निकाल पाठवायला सुरुवात करायची.

दुसरी सरासरी त्याहून फसवी होती. सर्व्हरला आठ प्रोसेसर. त्यांची मिळून सरासरी पंधरा टक्के. मी म्हणत होते, ‘सर्व्हर तर निवांत आहे!’ त्या दिवशी प्रथमच आठही वेगवेगळे बघितले. सात जण हातावर हात ठेवून बसलेले आणि पहिला एकटा शंभर टक्के राबत होता. दारावरच्या सगळ्या हाका त्याच्याकडेच जात होत्या. आठ सुना असलेल्या घरात थोरलीनेच स्वयंपाक, धुणीभांडी, पाणी सगळं करावं, आणि सासूने म्हणावं, ‘आमच्याकडे कामाचा ताण नाहीच मुळी,’ तसलाच प्रकार!

असं का झालं? ऑगस्टमध्ये सर्व्हरवर नवी प्रणाली घातली होती. मीच घातली होती. आधी काम करणाऱ्या सहकाऱ्याने हाका आठांत वाटण्याची व्यवस्था केलेली होती. नव्या मांडणीत ती पुन्हा सुरू करायची मी विसरले. ऑगस्टच्या ओढीला ते खपून गेलं. सप्टेंबरमध्ये तपासण्या वाढल्या आणि पितळ उघडं पडलं.

रांगेचं हे शास्त्र तसं जुनं आहे. डेन्मार्कचे ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या गर्दीवर अभ्यास मांडला, तिथून ते वाढलं. एकच खिडकी आणि अनियमित येणारी गिऱ्हाइकं असा साधा नमुना घेतला, तर खिडकी अर्धा वेळ गुंतलेली असताना रांगेतला सरासरी थांबा एका गिऱ्हाइकाला लागणाऱ्या वेळेएवढा असतो. नव्वद टक्के गुंतली की तोच थांबा नऊ पट होतो. म्हणजे काम दुपटीनेही वाढत नाही, पण थांबा नऊ पट होतो. कालपर्यंत ठीक चाललेलं आज अचानक कोसळतं ते असं.

आणि नुसतं एक-सव्वा टक्का हरवण्याने एवढा गोंधळ का, याला एक इतिहास आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कले इथे दोन संस्थांमध्ये, जेमतेम ४०० यार्ड अंतरावर, सेकंदाला ३२ हजार बिटचा वेग घसरून ४० बिटवर आला. कारण काय, तर पोच आली नाही म्हणून सगळे संगणक तीच तीच पाकिटं पुन्हा पाठवत होते आणि गर्दी आणखी वाढवत होते. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. पाकीट हरवलं तर समजायचं, पुढे गर्दी आहे. आपण हात आखडायचा आणि मग हळूहळू वेग वाढवायचा. इंटरनेट आजही त्या समजूतदारपणावर उभं आहे. योगायोग असा, की त्याच १९८६ साली आपल्याकडे एर्नेट हा शैक्षणिक संगणक-जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या संस्थांमध्ये इथली भारतीय विज्ञान संस्था होती. या सौजन्याची किंमतही असते. हरवण्याचं प्रमाण शंभर पट वाढलं, तर एका जोडणीचा वेग साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. आमचा सर्व्हर दारातच पाकिटं टाकत होता आणि दूरवरची बिचारी केंद्रं रस्त्यात गर्दी असेल असं समजून हळू चालत होती!

उपाय करायला वीस मिनिटंही लागली नाहीत. हाका आठ प्रोसेसरांत वाटल्या. खण २५६ चे १०२४ केले. ४०९६ पर्यंत करता आले असते, पण मुद्दाम केले नाहीत. खण फार वाढवले तर पाकिटं हरवत नाहीत, पण रांगेत शिळी होतात आणि दुखणं फक्त झाकलं जातं. तिसरा उपाय सगळ्यात सोपा. साठ केंद्रांनी नऊच्या ठोक्याला सुरुवात न करता पंधरा मिनिटांत विखरून करायची.

मंगळवारी सकाळी मी वही घेऊन बसले. नऊ, सव्वानऊ, साडेनऊ. हुकलेल्यांचा आकडा हलेना. दहा वाजता त्याच रुग्णालयातल्या बाईंना मीच फोन केला. त्या म्हणाल्या, ‘आज सगळं वेळेवर दिसतंय. काय केलंत?’

त्यांना काय सांगणार होते? खरं काम अजून व्हायचं होतं.

खोटं कशाला बोलू, त्या दुपारी माझ्या मनात दुसराही विचार आला होता. दुखणं गेलंय. ‘काही सुधारणा केल्या’ एवढं कळवलं तरी कुणी खोलात शिरणार नाही. त्या मुलाचा कागद मात्र पुढे सरकलेला होता. बंगळूरच्या एका मोठ्या गोष्टीने मला तेव्हा धीर दिला. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टने पहिला ‘बिग बिलियन डे’ केला, तेव्हा गर्दीपुढे त्यांची व्यवस्था कोलमडली आणि दुसऱ्याच दिवशी संस्थापकांनी ग्राहकांना पत्र लिहून माफी मागितली. एवढ्या मोठ्या माणसांना जमतं, तर मला का जमू नये?

मी वही घेऊन साहेबांकडे गेले. पाच रकाने दाखवले. म्हटलं, ‘दोष केबलचा नाही, राउटरचाही नाही. माझ्या मांडणीचा आहे. माझं टिपण मला परत हवंय.’ साहेब थोडा वेळ वहीकडे बघत राहिले. मला बोलणी बसली, चार लोकांसमोर बसली. त्या वर्षीच्या पगारवाढीतही त्याचं प्रतिबिंब पडलं. पण कागद परत आला. मी तो त्यांच्यासमोरच फाडला.

मग त्या मुलाला बोलावलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो हसेल, ‘जाऊ दे की मॅडम’ म्हणेल. तो म्हणाला नाही. खाली बघत एवढंच बोलला, ‘त्या दिवशी मला विचारलं असतं, तर स्विचचे आकडे मीच मोजून दिले असते, मॅडम. कुणी विचारलंच नाही.’

त्याचं ते वाक्य साहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. खरंच, त्या दिवसांत त्याला ‘केबल बदल’ असं सांगणारे आम्ही सगळे होतो. ‘तुला काय वाटतं?’ असं एकानेही विचारलं नव्हतं. कंत्राटी माणसाला मत असतं हे आपल्या ध्यानातच येत नाही. तो पुढे दोन वर्षं आमच्याकडे होता. माझ्याशी मोकळेपणाने मराठीत बोलायला त्याला दिवाळी उजाडावी लागली.

घरोघरीसुद्धा आता इंटरनेट आलंय. मुलीशी व्हिडिओवर बोलताना चेहरा गोठतो, वाक्याचा मधला तुकडा गळतो. बोलण्यात हरवलेली पाकिटं बहुधा पुन्हा मागवत नाहीत, कारण उशिरा आलेला शब्द तोवर कामाचा राहिलेला नसतो. अशा वेळी केबलवाल्याला फोन करून तोंडसुख घेण्याआधी एवढं करून बघा. राउटरच्या शेजारी उभं राहून बोलून बघा. घरातले बाकीचे दोन मोबाइल तेव्हाच सिनेमा बघत नाहीत ना, ते बघा. कोणत्या वेळी बिघडतं ते चार दिवस कागदावर लिहा. कधी कधी हरवण्याची जागा आपल्याच दारात सापडते.

अण्णा २०२१ मध्ये गेले. त्यांच्या कपाटात खणाखणात लावलेली बिलं तशीच होती, प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर आकडा. माझी ती पाच रकान्यांची वही मी अजून जपून ठेवली आहे. हाताखाली नवीन मुलं-मुली येतात, तेव्हा मी त्यांना आधी ती दाखवते आणि सांगते, कुणाचंही नाव घेण्यापूर्वी मोजून या.

त्या मंगळवारी रात्री मी घरी आले, तेव्हा दार अण्णांनीच उघडलं. चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं, ‘काय गं, थैल्या जुळल्या का?’

‘जुळल्या,’ मी म्हटलं.

‘आणि त्या पोराचं?’

‘तो आहे, अण्णा. गेला नाही.’

ते काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन आत गेले.